चव्वेचाळीस

माळ्यावर, जुन्या धोट्यांच्या खोक्याशेजारी
बसवलाय तो डबा. हिरवा दिवा, वायर दोन.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही कधी पहाटे तीनला,
आणि मोटार आता मी मस्कतहून लावणार.

पहिल्या रात्री राउटरचं दार सताड राहिलं.
सकाळी नोंदी उघडल्या:
कुठकुठल्या गावांहून चारशे सात वेळा
कडी वाजवून गेलेलं कोणी.
नाना म्हणाले, "साखर पेठेत एवढे पाहुणे
तुझ्या लग्नालासुद्धा नव्हते."

मग पोर्ट बुजवला. आतून बोगदा काढला.
एक किल्ली डब्यात, तिची जोडीदार माझ्या फोनमध्ये,
चव्वेचाळीस अक्षरांची.
"आपल्या उन्हाएवढीच की गं," म्हणाले,
आणि घराची किल्ली नेहमीसारखी
गज्जमअक्कांच्या दारामागच्या खिळ्याला
अडकवून आले.

इथं दीड वाजलाय, म्हणजे तिथं तीन.
फोन उशीखाली थरथरतो: पाणी आलं.
किल्ली जुळते, बोगदा उघडतो,
मी बोट टेकवणार,
तर मोटार आधीच चालू.
नोंद एका ओळीची: भिंतीवरचं बटण.

चष्मा न लावता गेले असतील, अंधारात.
मी काही बंद करत नाही, काही चालू करत नाही.
टाकी बघत बसते,
एकेक टक्का.