तिसरा दिवा

इतवारीतली पतसंस्था, दुसरा मजला,
मे महिन्याची एकोणीस तारीख.
जिन्याचा कठडा हाताला चटका देतो.
"सकाळी चालते ना जी," कॅशियर सांगतात,
"बाराला जाते. पाचला येते.
आमच्यापेक्षा टाइमाची पक्की आहे तुमची लाइन."

माझी नसते कुठलीच लाइन. मी फक्त शोधते.

आधी स्विच. भिंतीवरच्या पेटीत चोवीस डोळे,
तेवीस हिरवे, लुकलुकणारे,
सतराव्याला मोतीबिंदू.
त्याची वायर काढून अठरात घातली: अठरा आंधळा.
अठराची सतरात: सतराला लख्ख दिसतं.
म्हणजे डोळा चांगला आहे,
वाटेत काहीतरी आहे.

पॅच कॉर्ड बदलली. नाही.
तीन नंबरच्या काउंटरकडचं टोक कापून नवं केलं:
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा...
(संत्र्याच्या रंगापासून सुरू होतं
म्हणून तुला जमलं, असं आई म्हणते.)
क्रिम्पर कट्ट वाजला.
मग टेस्टर. एक भाग माझ्याकडे स्विचपाशी,
दुसरा मंदाताई निखारेंच्या हातात, काउंटरवर.
"ताई, दिवे मोजा. मोठ्यानं."
"एक. दोन.
चार. पाच. सहा. सात. आठ."
"पुन्हा."
"एक. दोन. तीन! अं, नाही. गेला."

बाबा गोळीबार चौकात मागावर बसायचे.
तुटलेला धागा ते डोळ्यांनी शोधत नसत.
ताण्यावरून बोट नेत नेत कुठंतरी थांबायचे,
थुंकी लावून गाठ मारायचे
आणि चहा मागायचे.
माझ्याकडे टोनर आहे. भिंतीवरून फिरवते,
टिंव टिंव टिंव,
कॅलेंडरवरून, व्याजदराच्या तक्त्यावरून,
खिडकीतल्या कूलरच्या दिशेनं,
आणि कूलरच्या हातभर अलीकडे
आवाज घोगरा होतो.

तिथं एक फोटो आहे. हार प्लॅस्टिकचा, नवा.
कै. झिंगरूजी हेडाऊ, शिपाई.
एकतीस उन्हाळे ह्याच कूलरात पाणी भरलं त्यांनी,
खालच्या नळावरून, बादलीनं.
"म्हणून इथंच लावला," मंदाताई म्हणतात. "हवा येते."
"कधी लावला?"
"तेरवी झाल्यावर. मागच्या सोमवारी."
तक्रार मंगळवारची आहे.

"कूलर बंद करा."
"अवो, जीव जाईन ना!"
"एक मिनिट."
पंखा थांबला. मग भिंत थांबली.
ती हलत होती हे तोवर मला कळलंच नव्हतं.
"मोजा."
"एक दोन तीन चार पाच सहा सात आठ."

फोटो उतरवला. मंदाताईंनी पदरात घेतला,
झिंगरूजींचं तोंड स्वतःकडे करून.
तीन इंची खिळा, केसिंगपट्टीच्या बरोब्बर मधून.
सात तारा शाबूत.
पांढरी-हिरवी तेवढी तुटलेली,
टोकाला टोक टेकवून बसलेली.
कूलर लागला की सुटायची,
थांबला की पुन्हा टेकायची.

"कोणी ठोकला हा?" केबिनमधून साहेब.

मंदाताईंच्या डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं आहे.
त्या फोटोची काच पुसताहेत,
पुसून झालेली.

नवी केबल वीतभर वरून नेली.
खिळा राहू दिला. फोटो त्यावर परत.
कूलर. वाळ्याचा ओला वास.
काच थोडी थरथरते,
सतरावा हिरवा.

फॉर्मवर एक रकाना असतो: बिघाडाचं कारण.
पेन चालेना, दोनदा झटकलं.
लिहिलं: उन्हाळा.