गोल रांगेचा कोपरा

पारोळ्यात, किल्ल्याच्या खंदकामागे,
जिथे जिनिंगचा कापूस उडून बाभळींना लागायचा,
सुपडू आण्णा बोरसे पहाटे पाचला ओरडायचे,
"पोरांनो, गोल रांगेत उभे राहा!
कोपऱ्यातला कोण हलतोय रे?"
आणि खरं सांगतो,
आम्ही सगळेच गप्प उभे राहायचो,
कारण तो कोपरा आपलाच असेल
असं प्रत्येकाला वाटायचं.

म्हणी त्यांनी ऐकल्या होत्या,
पण बहुधा वारा सुटलेला असताना.
"एका टाळीनं हात वाजत नाही भो."
"तळ्या-तळ्यानं थेंब साचतो."
युवराज खैरनार धापा टाकत खाली बसला की
"अंगण येत नाही आणि म्हणे नाचता वाकडं!"
एकदा हेडमास्तरांसमोर, छाती काढून,
"यांना शिकवणं म्हणजे सर,
गीतेपुढे गाढव वाचलं."
हेडमास्तर हसले नाहीत. चष्मा पुसला.
मग म्हणाले, "वाचलं ना? बस झालं."

मी तेव्हा एकोणचाळीस किलोचा.
घरचे काडी म्हणायचे, गल्लीही काडीच म्हणायची.
संघात मला का घेतलं, असं कुणीतरी विचारलं
तर आण्णा म्हणाले, "दिसत नाही म्हणून दिसतो तो."

शिरपूरच्या अंतिम सामन्याआधी
वार्ताहरानं विचारलं, समोरचा संघ कसा आहे?
"आमच्याइतकाच चांगला आहे," आण्णा म्हणाले,
"फक्त आमच्यापेक्षा."
हे जसंच्या तसं छापून आलं.
रतन टीवाल्यानं ते कात्रण साखरेच्या डब्यावर डकवलं,
वाफेनं पिवळं पडलं, तरी अक्षर हललं नाही.

एकवीस-एकवीस. शेवटची चढाई त्यांची.
कालूसिंग पावरा आला,
सातपुड्याच्या उतारानं घडवलेले पाय,
ओठांवर एकसुरी कबड्डी-कबड्डी,
आणि मी डाव्या कोपऱ्यात, घोट्यावर नजर,
पोटात सकाळची शेवभाजी उसळ्या मारतेय.
तेवढ्यात रेषेबाहेरून आण्णांचा आवाज,
घाईत मराठी सुटून अहिराणीवर आलेला,
"घाबरू नका रे!
तो एकला शे,
तुम्ही सातबी एकलाच शेतस!"

आम्हाला सवय होती.
कालूसिंगला नव्हती.
आधी त्याच्या नाकातून काहीतरी निसटलं,
मग कबड्डीतली ड्डी अडकली,
मग तो मैदानाच्या मधोमध, गुडघ्यांवर हात ठेवून
हसला,
असा हसला की पंचांची शिट्टी
त्यांच्याच हसण्यात दोनदा फुसकी गेली.
दम तुटला. एक गुण.
पुढे दहा सेकंदांत वेळ संपली.

परतीला सरकीच्या पोत्यांवर बसून
आण्णा आम्हाला सामना समजावत होते.
"पाहिलं? डावपेच!
माणसाला एकटं पाडलं की तो खचतो."
कुणी काही बोललं नाही.
युवराजनं तोंडात रुमाल कोंबला होता.
धुळ्याच्या अलीकडे आण्णा झोपले,
तोंड उघडं, कप पोटाशी,
आणि झोपेतही काहीतरी उलटं पुटपुटत असावेत,
कारण मधूनच ड्रायव्हर हसायचा.

आता मी मराठी शिकवतो.
सहामाहीच्या पेपरात रिकाम्या जागा भरा,
____ला ____चा आधार.
एका पोरानं लिहिलं,
काडीला बुडत्याचा आधार.
मैदानावरचाच असणार. नाव पाहिलं नाही.

लाल पेन उचललं, आणि तसाच बसलो.
बोरीच्या पुरात वाहत जाणारी काडी आठवली मला,
आणि तिला घट्ट धरून ठेवणारा एक जाडा माणूस,
शिट्टी गळ्यात, स्वतः गटांगळ्या खात,
काडीलाच ओरडून सांगणारा,
"सोडू नको, मी शे!"

अर्धा गुण दिला.
उरलेला अर्धा
अजून माझ्याकडेच आहे.