सात शोती जळल्या

कुताइसीत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत माझी भट्टी.
भट्टी म्हणजे जमिनीत पुरलेला मातीचा रांजण.
तळाशी द्राक्षवेलीच्या काटक्या जळतात,
मी कमरेतून वाकतो, डोकं आगीत घालतो,
होडीसारखी लांबट शोती
तापल्या भिंतीवर थापतो आणि वर येतो.
तीस वर्षांत भुवया काही धड उगवल्या नाहीत.

गोल भाकरीही करतो. तिला आम्ही देदास पुरी म्हणतो,
आईची भाकरी.
दोन वर्षं झाली, गेगा तिला हात लावत नाही.
मी आग्रह करत नाही.

रविवारी संध्याकाळी बारीहून फोन येतो.
नेस्तान तिथे एका इटालियन म्हातारीला
भरवते, न्हाऊ घालते, रात्री कूस बदलून देते.
गेगा काचेला नाक लावून
दाताची खिंड दाखवतो.
मग म्हातारी आतून हाक मारते
आणि काच काळी होते.

त्या रविवारी त्यानं फोन पिठात फेकला.
घमेलं लाथाडलं, मिठाचं भांडं फोडलं,
रांगेतल्या त्सियालामावशीला जे म्हणाला
ते मी इथे लिहीत नाही.
"दोन लगाव," मावशी म्हणाली, "शेफारलाय."
आणि हात उठला माझा.
तो हात मी ओळखतो.
माझ्या बापाचा होता तो,
मनगटावर भाजल्याचा तोच डाग.

हात हवेत असताना जे आठवलं ते काही थोर नव्हतं.
पंधरा वर्षांचा होतो, घरी जायची घाई होती,
भट्टी लवकर निवावी म्हणून
तापल्या मातीवर बादलीभर पाणी ओतलं.
वरपासून खालपर्यंत तडकली भिंत.
बापानं मला बडवून काढलं. चीर काही बुजली नाही.
अजून दर वसंतात लिंपतो,
अजून त्या जागी भाकरी धरत नाही.

हात खाली आला. तोंड मात्र चालूच.
"रडतोस काय, एवढा मोठा झालास!" वाया गेलं.
"येईल हं आई लवकर." खोटं. त्याला कळतं.
"चुर्चखेला देऊ?"
ती त्यानं माझ्याच अंगावर भिरकावली.
शब्द संपले तेव्हा
पोत्याला टेकून जमिनीवर फतकल मारली.
शहाणपण नव्हतं त्यात. दमलो होतो.

तो बुक्क्या मारायला आला.
मनगटं धरली, सैल.
"मारू नकोस, मला लागतं.
रड हवं तेवढं. मी उठत नाही इथून."

भट्टीत सात शोती होत्या.
आधी खरपूस वास आला, मग करपट.
गिऱ्हाईकं चुळबुळली, कोणी घसा खाकरला.
सात शोती म्हणजे आठ-नऊ लारी,
मनातल्या मनात हिशोबही करून झाला.
उठलो नाही.

किंचाळणं गेलं, हुंदके आले,
हुंदके गेले, नुसती उचकी उरली.
माझ्या मांडीला आधी त्याची टाच लागली,
मग कोपर, मग सगळा तोच.
"मला तिला द्यायचा होता," तो म्हणाला. "हातात."
मूठ उघडली.
दात होता. एवढा वेळ मुठीतच होता,
पिठानं माखलेला, तांदळाच्या कणीएवढा.

'समजलं' असं मी म्हणालो नाही.
'हो' म्हणालो.

मीठ त्यानंच झाडलं, अर्धंमुर्धं.
त्सियालामावशीसमोर जाऊन उभा राहिला,
बोलला काही नाही, बुटांकडे बघत राहिला.
तिनं एक जळकी शोती उचलली,
नखानं काळं खरवडलं,
पूर्ण पैसे मोजले.
"माझ्या नवऱ्याला करपलेलीच आवडायची," म्हणाली,
आणि चढ चढायला लागली.

दात काडेपेटीत ठेवलाय, फळीवर, घड्याळामागे.

आज सकाळी
बुटाच्या नाडीची गाठ सुटेना,
बूट भिंतीवर, दप्तर दारात,
पुन्हा सगळं तेच.
भट्टी नुकतीच पेटत होती.
मी पोत्याला टेकलो.