मिल, बिल, पिल

बेकपला आमच्या शेजारी राहायची विनिफ्रेड ऑर्मरॉड.
छत्तीस वर्षं मागावर. कान मागांनीच नेले,
पण स्वतःला बहिरी म्हणायची नाही.
म्हणायची, 'कान अजून शेडमध्येच आहेत,
सुट्टी झाल्याचं त्यांना कुणी कळवलं नाही.'

तिच्या स्वयंपाकघरात मी ओ-लेव्हलचा इतिहास पाठ करायचे,
कारण आमच्या घरात भाऊ होता, आणि भावाचा ड्रमसेट.
ती बटाटे सोलत माझ्या तोंडाकडे बघायची.
'आवाज काढू नकोस,' पहिल्याच दिवशी म्हणाली,
'आवाजानं ओठ आळशी होतात.'
मग पॅरिसमधली सगळी उलथापालथ
मी चकार शब्द न काढता केली.

लिबर्टी : ओठ एकदाच मिटतात, मध्येच,
अंधारात पायरी चुकावी तसे.
इक्वालिटी : नुसता चंबू, गरम चहावर फुंकर घालावी तसा.
फ्रॅटर्निटी : वरचे दात खालच्या ओठावर.
'ही बघ, चावा घेऊनच सुरू होते,' विनिफ्रेड म्हणाली.
गिलोटिन तिला दिसलंच नाही.
त्याचा सगळा कारभार जिभेमागे, गळ्यापाशी उरकतो.

अठराशे बत्तीसला आल्यावर मी म्हटलं, बिल मंजूर झालं.
तिनं सुरी खाली ठेवली.
'मिल? मंजूर कसली? बंद झाली ती,
ऐंशीच्या फेब्रुवारीत.
मॅनेजरनं शेवटच्या दिवशी केक वाटले. दोघींत एक.'

मिल, बिल, पिल. ओठांवर तिळी भावंडं.
पुस्तकात मात्र एकमेकांना ओळख देत नाहीत :
बिल एकशे बारा पानावर,
मिल एकशे चाळिसावर,
आणि पिल तिच्या खिडकीत, निळ्या डबीत,
सकाळी एक, रात्री दोन.

एकशे चाळिसाव्या पानावर धोट्याचं चित्र होतं.
तिनं बोट ठेवलं, ओला ठसा उमटला.
'या भोकातून दोरा ओढायचा. ओठांनी, श्वास आत घेऊन.
धोट्याचा मुका घेणं म्हणायचे त्याला.
माझी आई दिवसाला तीनशे मुके घ्यायची.
पंचविसाव्या वर्षी पुढचे दात गेले.
बापाला एवढे मिळाले असते
तर राहिला असता घरी.'
आणि हसली, शेडमध्ये हसायच्या तशी,
नुसते खांदे हलवून.
चित्राखाली लिहिलं होतं : विणकामाचा वेग वाढला.

मी विचारलं, म्हणजे ओठांनी विचारलं,
मग तुमच्यात कुणी उठलं का नाही, पॅरिससारखं?
ती पातेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिली.
प्रश्न दिसला नसेल म्हणून मी पुन्हा विचारला, तोंड मोठं करून.
'दिसला गं,' ती म्हणाली.
'ओव्हरलुकर पाठमोरा झाला की अख्खी शेड बोलायची.
या टोकाचं त्या टोकाला.
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा पगार कापला,
सोमवारी कोण माग सुरू करणार नाही.
त्याला बिचाऱ्याला आयुष्यभर वाटत राहिलं
की बायका गप्प काम करतात.'

हे मी वहीत लिहिलं नाही.
पेपरात कारणं विचारतात, पाच, थोडक्यात.

परीक्षेच्या सकाळी बस सुटताना
ती पलीकडच्या फुटपाथवर आली, ॲप्रनमध्येच,
आणि काहीतरी म्हणाली.
ओठ मिटून सुरू होणारं. एकच शब्द, तीनदा.
मी कळल्यासारखी मान हलवली.
मध्ये रस्ता होता, काचेवर वाफ होती,
आणि माझं शिक्षण जेमतेम एका सहामाहीचं.

हॉलमध्ये मिस्टर एंटविसल माझ्या बाकापाशी थांबले.
'ओठ हलवू नकोस.'

ते पाठमोरे होईपर्यंत
मी थांबले.