सतरा

रायबंदरला धक्क्यासमोर आमचं ऑफिस.
खाली लिंबू-सोड्याची गाडी, वर आम्ही चौघं
आणि एक एसी, जो फक्त मेल्विनाच्या पाठीवर वारा सोडतो.
आम्ही फेरीबोटींची वेळापत्रकं लिहितो,
म्हणजे ती दाखवणारं ॲप.

गेल्या मंगळवारी दिवाडीला जाणारी शेवटची फेरी
माझ्यामुळे लोकांच्या फोनवर तासभर उशिरा सुटली.
खरी बोट आपल्या वेळेला गेली.
धक्क्यावर राहिली अकरा माणसं,
एक कडेवरचं मूल,
बर्फ वितळत चाललेली बांगड्यांची पाटी.
चूक एवढीशी: टी-एक लिहायचं तिथे टी-एल.
बारा आकाराच्या अक्षरांत दोन्ही
नुसत्या काठ्या.

"दिसत नाही का तुला?" असं कुणी म्हणालं नाही.
मेल्विना माझ्या खांद्यावरून वाकली,
कंट्रोल दाबून धरलं
आणि अधिकचं चिन्ह, तीनदा.

सगळंच फुगलं.
अक्षरं फुगली, तशी डावीकडची फायलींची रांग,
वरचा मेनू, खालची निळी पट्टी, चुकांचा आकडा,
जसं एकट्याला जेवायला बोलवावं
आणि अख्खं बिऱ्हाड ट्रंका घेऊन यावं.
कोडसाठी उरला मधला बोळ.
मी कंट्रोल-शून्य दाबलं.
सगळं परत बारीक, गप्प.
"सर, तो झूम झाला. तुम्हांला फक्त अक्षर पाहिजे.
ते सेटिंगात वेगळं असतं."

वेगळं असतं हे मला माहीत होतं,
वीस वर्षं मीच ते इतरांना सांगत आलोय.
पण तो आकडा आपल्या हाताने वाढवणं
म्हणजे कुठल्याशा कागदावर सही करून देणं.

बाबा मालिमच्या जेटीवर ट्रॉलरांची नावं रंगवायचे,
हातभर उंच अक्षरं.
खडूची रेघ मारून मागे मागे जात,
जेटीच्या पार टोकापर्यंत,
एक डोळा मिटत,
आणि परत येऊन 'दु'चा उकार रुंद करत.
एवढं मोठं कशाला, मी म्हणायचो,
मालकाला ठाऊक आहे की आपल्या बोटीचं नाव.
"अक्षर बरोवप्याचें न्हय रे, वाचप्याचें,"
आणि टर्पेंटाइनच्या चिंधीने बोटं पुसायचे.

चौदा करून पाहिलं.
पंधरा.
सोळावर बराच वेळ थांबलो,
कुणी विचारलंच तर
स्क्रीन जरा लांब आहे, असं सोळापर्यंत म्हणता येतं.
सतरावर एलला शेपूट फुटली,
एकाला नाक,
आणि शून्याच्या पोटातली तिरकी रेघ परत आली,
कधी गेली होती कोण जाणे.

पडद्यावर अठ्ठावन्न ओळी मावायच्या, आता एक्केचाळीस.
फंक्शन सुरू होतं तेव्हा त्याचा शेवट दिसत नाही.
उघडलेला कंस खाली कुठेतरी मिटणार
हे धरून चालायचं.
एक लांबलचक फंक्शन होतं, माझंच, जुनं,
ते तीन ठिकाणी तोडावं लागलं.
तसं ते कधीच तोडायला हवं होतं.

सहाला मेल्विना बॅग घेऊन उतरली,
दिवाडीची फेरी पकडायला,
ॲप न बघता.

मी चष्मा काढून खिडकीशी गेलो.
मांडवीच्या मधोमध रिकामी बार्ज चालली होती.
तिच्या काळ्या अंगावरचं नाव, नावाखालचा नंबर,
नंबरातल्या एकाचा गंजलेला पाय,
सगळं लख्ख.

वळलो, टेबलावरचं चहाचं बिल उचललं,
हात लांब करून धरलं,
आणखी लांब,
हात संपला.