मोजण्यापलीकडे

घर बांधताना नळीवरून वाद झाला.
कुमुदवन्सं म्हणाल्या, तांब्याचीच घाला,
तांब्यात जंतू टिकत नाहीत,
पूजेचा कलश काय उगीच तांब्याचा असतो?
दिरांनी प्लास्टिकचा भाव काढला.
हरप्रसाद कुशवाह दोघांचं ऐकून
कानामागची पेन्सिल काढत म्हणाला,
"जैसा आप कहें. पानी तो पानी है."

शेवटी अर्धं-अर्धं.
स्वयंपाकघरात तांबं, न्हाणीत पांढरी नळी.
रिटायर झाल्यावर काय करायचं
हा माझा प्रश्न सुटला.

तिघऱ्याचं पाणी लष्करात येतं, टाकीत चढतं,
आणि रात्री नळीत निजतं.
निजलेल्या पाण्याला सोबत लागते.
हे मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत पाहिलंय,
घरात कुणाला सांगितलं की हसतात.

दर सोमवारी, कुणी उठायच्या आत,
उकळलेल्या बाटल्यांत दोन्हीकडचं पहिलं पाणी.
बशीत अगर, त्यावर थेंब,
दोन दिवस ऊब,
मग भिंग लावून ठिपके मोजायचे,
लेकराच्या अंगावरचे गोवर मोजावेत तसे.

संक्रांतीला तांब्याकडे सात, प्लास्टिककडे सव्वाशे.
वन्संनी गुळपोळ्या लाटल्या.
होळीला तांब्याकडे साठ.
श्रावणात दोन्ही बश्या इतक्या सारख्या
की वाटलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.
नव्हती झाली.
तांब्यावर आतून क्षारांचा पातळ थर चढला होता
आणि त्याच्यावर ह्यांनी सतरंजी अंथरली होती,
तांब्याला पाय न लावता.

हे वन्संना सांगायचं राहिलं, कारण
त्याच आठवड्यात बेसिनचं पाणी घेतलं
आणि बशी पांढरी झाली. सगळीच.
वहीत लाल शाईनं लिहिलं: मोजण्यापलीकडे.

हरप्रसादनं पाना फिरवला.
नळी नाही, तोटी नाही,
आतून निघाला रुपयाएवढा काळा रबरी वॉशर,
चिरलेल्या भेंडीसारखा बुळबुळीत.
त्यानं तो बोटावर फिरवला, नाकाशी नेला.
"इसका तो किसी ने पूछा ही नहीं था," म्हणाला.

नवा वॉशर दुसऱ्या जातीचा, जरा महाग.
पहाटेचं पहिलं भांडं मी आता वाहून देते.
जुना खिडकीत वाळून कडक झालाय,
वास नाही, काही नाही.

काल वन्संनी विचारलं,
"पण शेवटी तांबंच बरं ना?"
मी म्हटलं, हो.
पहिले सात महिने.