सांडलवंड

तातो हात आडवा धरतात: थांब.
भर पिकातच इंजिन बंद करायचं,
तोंडातला घास तोंडात, पोटातलं पोटात,
मागून झडणारा भुसा जिथल्या तिथं.
ऐन वेळी पकडलेल्या चोरासारखं
कम्बाइन उभं राहतं
बन्सी गव्हाच्या मधोमध.

सॅस्काचेवानचा सप्टेंबर, दुपारचे तीन.
शुक्रवारी बर्फ, असं रेडिओ म्हणतो.

आईच्या चर्चच्या कोटाचा हँगर वाकवून
केलेली फूटभर चौकट
मी यंत्रामागे टाकते. भुसा बाजूला सारते.
फुंकर मारली की कोंडा उडतो, गहू उरतो.
"एकेचाळीस!" ओरडूनच सांगावं लागतं;
चाळीस हंगाम इंजिनाशेजारी बसून
त्यांचे कान कधीच मळून निघालेत.

ते मान हलवतात. बोट पुढे.
पुढे, जिथं पातं अजून पोचलंच नव्हतं,
तिथं ते गुडघे टेकतात, ताटं हातानं विंचरतात,
आणि मोजतात: नऊ.
"हे वाऱ्याचे. मंगळवारच्या.
आधी वजा कर, ओरिस्या.
जे यंत्रानं सांडलंच नाही
ते त्याच्या माथी मारू नकोस."

उरले बत्तीस.
मला सगळंच फिरवायचं असतं:
रोटर, जाळी, पंखा, चाळणी, वेग.
ते एक बोट वर करतात. एका वेळी एक.
नाहीतर फरक पडल्यावर
कुणाचे आभार मानायचे, कळणार नाही.

ओंब्या रिकाम्या. म्हणजे मळणी नीट होतेय.
टाकीतला दाणा अख्खा, म्हणजे रोटरही घाईत नाही.
मग हा पाखडणारा हातच जरा जोरात आहे.
पंख्याचे पन्नास फेरे कमी. शंभर पावलं. थांब.
तेवीस.
चाळणी दोन मिलिमीटर सैल. शंभर पावलं. थांब.
चौदा.
पुन्हा नऊ वजा. पाच.

"अजून कमी होईल," मी म्हणते.
त्यांना ऐकू येतं की नाही, कोण जाणे.
पश्चिमेला आभाळ शिशासारखं जड झालंय
आणि अजून तीनशे एकर उभे आहेत.
"शून्य सांडायचं असेल," ते सावकाश म्हणतात,
"तर चालायचंच नाही."

चौकट खुंटीला अडकवून मी केबिनमध्ये चढते.
खाली ते मूठ उघडतात:
वाऱ्याचे नऊ त्यांनी उचलून ठेवले होते.
एक दाढेखाली. कट्.
तो आवाज काही मला ऐकू येत नाही,
पण त्यांचा चेहरा दिसतो.
वाळलाय. चल.